प्रबंधलेखनासाठी अभ्यासिका: बिनप्लगच्या जागेचा वापरानंतरचा अनुभव

धुळ्याच्या देवपूर भागातील एका अभ्यासिकेत मी गेल्या पावसाळ्यापासून नियमित बसते. अशा ठिकाणी काय मिळते, हे खानदेशात कोणाला वेगळे सांगायला नको: आडोशाचा कप्पा, लॉकर, पाण्याचा जार, उन्हाळ्यात कूलर आणि शांतता. शुल्क महिन्याला 800 रुपये. या सर्व बाबतींत माझी तक्रार नाही. लिहायला बसले ती लॅपटॉपच्या चार्जिंगसाठी महिन्याला घेतल्या जाणाऱ्या जादा 200 रुपयांमुळे.

माझ्या लॅपटॉपचा चार्जर 65 वॅटचा आहे. तो रोज चार तास पूर्ण क्षमतेने चालला आणि महिन्याचे 26 दिवस धरले, तरी सात युनिटही वीज लागत नाही. युनिटला 15 रुपये असा चढा दर लावला तरी हिशेब 100 रुपयांच्या आसपास थांबतो. मी हा हिशेब कागदावर मांडून अभ्यासिकाचालकांना दाखवला. ते म्हणाले, "मॅडम, स्पर्धा परीक्षेची मुलं वही-पुस्तकावर बसतात, लॅपटॉप तुम्हीच लावता. नियम सगळ्यांना सारखा." मी म्हटले, "भाऊ, मग माझ्या जागेला सबमीटर बसवा, जेवढी वीज जळेल तेवढे पैसे देते." त्यावर उत्तर मिळाले नाही. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या माणसाला उन्हाळ्याच्या सुट्टीत मानधन नसते; तेव्हा 200 रुपये ही किरकोळ रक्कम राहत नाही. मी भिंतीकडची बिनप्लगची जागा मागून घेतली.

माझ्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी दोन तासही पुरत नाही. ती संपली की उरतो तो कागद आणि पेन. सुरुवातीचे काही आठवडे मला ही निव्वळ अडचण वाटली आणि त्या वेळी हा अनुभव लिहिला असता, तर एकही चांगला शब्द लिहिला नसता.

माझ्या पीएच.डी.चा विषय पांझरा नदीच्या खोऱ्यातील फड या सिंचन पद्धतीचा आहे. नदीवर बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, एका फडात एका हंगामात एकच पीक आणि पाणीवाटप पाहणारा पाटकरी, अशी ही शेतकऱ्यांनी स्वतः चालवलेली व्यवस्था आहे. पाटकऱ्याच्या अधिकारावरचे प्रकरण माझ्याकडे फार काळ अडले होते. लॅपटॉपसमोर बसले की मी तळटीपा सारख्या करायची, तक्त्याच्या रेषा जुळवायची, समास बदलायची. दिवसभर काम केल्यासारखे वाटायचे आणि मजकूर होता तिथेच राहायचा. कागदावर यातले काहीच करता येत नाही. तिथे एकच प्रश्न उरतो: पाणी कमी पडले, तेव्हा कोणाचे ऐकले जाई आणि का? ते प्रकरण मी याच भिंतीकडच्या जागेवर हाताने लिहून पूर्ण केले.

त्यामुळे आता माझे मत बदलले आहे. पीएच.डी.च्या शेवटच्या टप्प्यात उमेद टिकत नाही, असे आपण म्हणतो, पण मला वाटते की उमेदीची वाट पाहणे हेच मुळात त्रासाचे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022च्या नियमांनुसार प्रबंधाला कमाल सहा वर्षे मिळतात, पुनर्नोंदणीने आणखी दोन आणि स्त्रियांना त्यावर दोन वर्षांची सवलत मिळू शकते. प्रत्येक सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे सादरीकरणही करावे लागते. या मुदती आवश्यक आहेत, परंतु त्या इतक्या लांबच्या आहेत की मंगळवारच्या सकाळी त्या कोणाला खुर्चीवर बसवू शकत नाहीत. मला बसवले ते भरलेल्या शुल्काने आणि दिवसाला हाताने दोन पाने, एवढ्याच ठरलेल्या मापाने. दोन पाने झाली की पुढच्या वाक्याचा कच्चा आरंभ खाली लिहून मी उठते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानापुढे बसावे लागत नाही.

शेजारच्या मुलांचाही यात वाटा आहे. जाहिरात लांबली, परीक्षा पुढे गेली, तरी ती सकाळी येऊन बसतात आणि मला काही विचारत नाहीत. घरच्या प्रत्येक लग्नकार्यात "झालं का तुझं पीएच.डी.?" हा प्रश्न प्रेमाने विचारला जातो, पण त्यानंतर निदान दोन दिवस लेखणी जड होते. ज्यांच्या घरी हा प्रश्न रोज येतो, त्यांनी अभ्यासिकेचे पैसे जरूर खर्च करावेत.

हाताने लिहिण्याचा एक खर्च मात्र लक्षात ठेवावा: टंकलेखन. मी स्वतः रात्री घरी टंकते आणि तेच माझे पहिले पुनर्लेखन ठरते. बाहेरून करून घेणार असाल, तर मजकूर युनिकोडमध्येच मागा. जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे बिघडतात आणि शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात प्रबंध गेल्यावर त्यातला मराठी शब्द शोधून सापडत नाही. तसेच 1880च्या खानदेश गॅझेटियरसारख्या ग्रंथातून उतारा हाताने उतरवताना अवतरणचिन्हे आणि पृष्ठक्रमांक त्याच क्षणी लिहावेत. आयोगाच्या 2018च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांनुसार इतरांच्या लेखनाशी साम्य 10 टक्क्यांपर्यंत चालते आणि नीट संदर्भ दिलेली अवतरणे त्यात मोजली जात नाहीत. पण चिन्ह राहिले, तर ते वाक्य आपले की गॅझेटियरचे, हे काही महिन्यांनी ओळखता येत नाही.

ज्यांचा पहिला खर्डा व्हायचा आहे, त्यांनी बिनप्लगचीच जागा घ्यावी, असे मी मनापासून सांगते. चार्जिंगचे 200 रुपये अन्यायाचे आहेत, हे माझे मत तिथल्या तिथेच आहे. पुढील महिन्यात संदर्भसूची आणि परिशिष्टांसाठी मला प्लगची जागा घ्यावीच लागेल. तेव्हा ती फक्त एका महिन्यासाठी घेईन, चार्जिंगच्या रकमेची वेगळी पावती मागेन आणि सबमीटरचा अर्ज या वेळी लेखी देईन.