पाडलेला हॉल, माझ्या हेडफोनमध्ये

आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि आई आणि मी कोथरूडमध्येच एका भाड्याच्या वन बीएचकेत आलो. बिल्डर भाडं देतो, हॉल देत नाही. इथली बैठकीची खोली म्हणजे दिवाण, टीव्ही, आईची आरामखुर्ची आणि चपलांचं कपाट. सराउंड साउंडचा, म्हणजे चहूबाजूंनी आवाज देणारा, ५.१ चा संच म्हणजे पाच स्पीकर आणि खर्जाचा एक सबवूफर. हे सहा डबे मांडायचे तर एक देवघरात आणि एक ओट्यावर ठेवावा लागेल. त्यात खालच्या मजल्यावर चार महिन्यांचं बाळ. सबवूफरचा पहिला दणका बसला की बाळ उठणार आणि पाठोपाठ बाळाची आजी जिना चढणार. म्हणून स्पीकर भावाच्या माळ्यावर गेले, आणि गेले आठ महिने मी सराउंड साउंड फक्त हेडफोनवर ऐकते आहे.

माझे कान कुठे तयार झाले ते आधी सांगते, म्हणजे पुढची कुरकुर कुठून येते ते कळेल. नोकरी सहकारी बँकेत, पण वीसेक वर्षं प्रायोगिक आणि स्पर्धेच्या नाटकांना मी म्युझिक ऑपरेट केलं. पुण्यातली सुदर्शन, भरत ही नाट्यगृहं, आणि स्पर्धेचं केंद्र जिथे असेल तिथे. दारावरची बेल विंगेतल्या स्पीकरवर वाजायला हवी. ती चुकून प्रेक्षकांच्या डोक्यावरच्या स्पीकरवर वाजली की नट दाराकडे बघतो आणि प्रेक्षक छताकडे. माझ्या हातून असं एकदा झालंय. तेव्हापासून आवाज कसा आहे याच्याआधी तो कुठून येतोय हेच मला ऐकू येतं.

पहिली खरेदी फसली. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ७.१ लिहिलेला एक गेमिंग हेडसेट ऑनलाइन मागवला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तसले हेडसेट ढिगाने मिळतात. आत दोन कानांना दोनच ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे चिमुकले स्पीकर, आणि वायरवर एक बटण. बटण दाबलं की निळा दिवा लागतो आणि सगळी माणसं न्हाणीघरात जाऊन बोलायला लागतात. चॅनल टेस्ट लावली, म्हणजे एकेका स्पीकरचं नाव त्याच स्पीकरमधून ऐकवणारी चाचणी. ‘लेफ्ट’ डाव्या कानात, ‘राइट’ उजव्या कानात, इथवर ठीक. ‘सेंटर’ म्हणणारी बाई माझ्या टाळूखाली बसली होती. मागचे दोन्ही स्पीकर म्हणजे तेच डावं-उजवं, जरा घुमवून. आठवड्यात परत केला. पैसे मिळाले, पण पिकअपवाल्याची वाट बघण्यात एक शनिवार गेला.

ही टाळूखालची बाई समजून घेतल्याशिवाय या प्रकारात पैसे घालू नयेत. उजवीकडचा आवाज डाव्या कानाला थोडा उशिरा आणि थोडा हळू पोचतो. उशीर किती, तर फार तर ०.६ ते ०.७ मिलिसेकंद. डावं-उजवं ओळखायला तेवढं पुरतं. पण नाकासमोरचा आवाज आणि डोक्यामागचा आवाज दोन्ही कानांना एकाच वेळी, सारख्याच जोराने मिळतात. तिथे उपयोगी पडतात त्या बाहेरच्या कानाच्या वळ्या. समोरून आलेला आवाज त्या एका तऱ्हेने गाळतात, मागून आलेला दुसऱ्या. तरीही शंका उरलीच तर आपण नकळत मान जराशी वळवतो आणि सोक्षमोक्ष लावतो. हेडफोन आवाज थेट कानाशी आणून ओततो, त्यामुळे वळ्यांचं काम हुकतं. आणि मान वळवली की हेडफोनही वळतो, म्हणजे तीही सोय गेली.

यावर उपाय असा, की प्रत्येक दिशेचा आवाज कान कसा गाळतो ते मोजायचं आणि तेच गाळणं सॉफ्टवेअरने हेडफोनच्या आवाजावर चढवायचं. या मोजमापाला एचआरटीएफ म्हणतात. एमआयटीमध्ये १९९४ साली केमार नावाच्या पुतळ्याच्या कानात माईक बसवून असं मोजमाप करून ते सगळ्यांना खुलं केलं होतं. विंडोजमधलं फुकटचं विंडोज सॉनिक, विकतचं डॉल्बी ॲटमॉस फॉर हेडफोन्स, ही सगळी याच कुळातली. मेख एकच, मोजलेले कान आपले नसतात. तयार चपलेसारखं आहे हे. कुणाला बसते, कुणाला अंगठ्याशी चावते. अशा तयार सोयींपैकी दोन मी महिनाभर आलटून पालटून वापरल्या. बाजूचे आवाज सुरेख, मागचे बऱ्यापैकी, पाऊस वरून पडतोय असं एखाद-दोनदा खरंच वाटलं. समोरचा माणूस मात्र माझ्या कपाळापर्यंत आला आणि तिथेच थांबला. पडदा सहा फुटांवर, संवाद भुवयांच्या मधे. माझ्या एका मैत्रिणीला त्याच सोयीत समोरचा आवाज व्यवस्थित समोर ऐकू येतो. तेव्हा फुकटची सोय आधी वापरून बघा, कदाचित तेवढ्यावर भागेल.

हेडफोनचं म्हणाल तर सेनहायझरचे एचडी ५६०एस घेतले आणि तिथे पस्तावले नाही. मागून उघडे, म्हणजे ओपन-बॅक, वजन २४० ग्रॅम. तीन तासांच्या सिनेमालाही कान तापत नाहीत. उघड्या हेडफोनमध्ये आवाज कानाला चिकटून बसल्यासारखा वाटत नाही, थोडी हवा खेळते. दुसरी बाजू अशी, की तो आवाज बाहेरही जातो. रात्री आई शेजारी झोपलेली असेल तर तिला पिक्चरभर डास गुणगुणल्यासारखं ऐकू येतं.

दिवाळीत भाच्याने त्याचे एअरपॉड्स प्रो माझ्या कानात घातले. ‘आत्या, आता मान वळव.’ वळवली, तर संवाद फोनच्या पडद्यावरच राहिला, माझ्याबरोबर फिरला नाही. ॲपलने हे २०२० मध्ये आणलं. कानातल्या सेन्सरना डोकं किती वळलं ते कळतं आणि तेवढा आवाज उलटा फिरवला जातो. २०२२ पासून फोनच्या कॅमेऱ्याने कानांचे फोटो घेऊन तो माणसागणिक जुळवूनही देतात. एवढ्याशा बोंडांतून माणूस समोर उभा राहिला म्हणून मी दोन मिनिटं गप्प बसले. पण माझा सगळा संसार विंडोजच्या लॅपटॉपवर, आणि फोन-टीव्ही बदलायचं बजेट नाही.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं ते. जुनं घर सोडायला तीन आठवडे होते तेव्हा माझा नाटकातला जुना सोबती, जो आता साउंड डिझाइन करतो, चहाला आला होता. भिंतीवरच्या स्पीकरकडे बघत म्हणाला, ‘काढायच्या आधी हॉल मोजून ठेव.’ मला वाटलं चौरस फुटांबद्दल बोलतोय, बिल्डरशी तेव्हा तेच चाललं होतं. त्याला म्हणायचं होतं आवाज मोज. इम्पल्सिफर नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे. दोन कानांच्या तोंडाशी दोन बारीक माईक लावायचे, आपल्या नेहमीच्या जागी बसायचं, आणि एकेका स्पीकरमधून खालच्या खर्जापासून वर चढत जाणारी शिट्टी वाजवायची. त्या नोंदीवरून तो स्पीकर, ती खोली आणि आपले कान, तिघांचा मिळून एक ठसा निघतो. मग हेडफोन चढवून, माईक तसेच ठेवून, तीच शिट्टी हेडफोनवर. त्यातून हेडफोनचा स्वतःचा रंग वजा करता येतो.

सांगायला सोपं. एका रविवारी बसलो. पंखा बंद, फ्रिज बंद, आईला आतल्या खोलीत पाठवलं. शिट्टी चालू असताना मान हलवायची नाही, आवंढा गिळायचा नाही. पहिल्या वेळी शेजारच्यांच्या कुकरने शिट्टीवर शिट्टी दिली. दुसऱ्या वेळी भंगारवाला आला. तिसऱ्या वेळी आईने दार किलकिलं करून विचारलं, ‘झालं का गं? मला चहा हवाय.’ सहावी नोंद स्वच्छ आली. मग भाच्याने काळ्या खिडकीत कमांड टाइप केल्या, निघालेली फाइल हेसुवी नावाच्या दुसऱ्या फुकट प्रोग्रॅममध्ये घातली. हेडफोनच्या आवाजावर तो ठसा चढवायचं काम त्याचं. तो इक्वलायझर एपीओ या, विंडोजचा आवाज बदलणाऱ्या प्रोग्रॅमच्या आधाराने चालतो. लॅपटॉपचं साउंडकार्ड दोनच चॅनलचं, म्हणून सॉफ्टवेअरमध्येच एक खोटं, आठ चॅनलचं कार्ड मांडावं लागलं. यात दोन संध्याकाळी गेल्या. ज्याला सेटिंग्ज उघडायचाच कंटाळा येतो त्याने या वाटेला जाऊ नये.

हेडफोन चढवून चॅनल टेस्ट लावली. ‘सेंटर’ म्हणणारी बाई टीव्हीखालच्या स्पीकरमधून बोलली. मला वाटलं ॲम्प्लिफायर बंद करायचा राहिला. उठून बघितलं, बंद होता. पुन्हा बसले. मागचा डावा स्पीकर शोकेसच्या वर, जिथे तो दहा वर्षं होता, तिथूनच. मी हेडफोन काढून परत खात्री केली. खोलीत फक्त घड्याळ. सोबती हसत होता, कारण हे असंच होतं हे त्याला माहीत होतं.

दुसऱ्या जागेचा आवाज असा दोन कानांशी आणायची हौस जुनीच. पॅरिसच्या १८८१ च्या विद्युत प्रदर्शनात क्लेमाँ आदेर याने ऑपेराच्या रंगमंचावर ट्रान्समीटर मांडून तारांनी गाणं प्रदर्शनात आणलं होतं, आणि लोकांनी दोन कानांना दोन रिसीव्हर लावून ते ऐकलं. नाटकात राहूनही मला हे ठाऊक नव्हतं, सोबत्यानेच सांगितलं. तिथे रंगमंच तारेच्या पलीकडे निदान शाबूत होता.

आमची इमारत एप्रिलमध्ये पाडली. हॉल मात्र ऐकू येतो, दोषांसकट. बाल्कनीची काच आणि समोरची कोरी भिंत यांच्यात टाळी वाजवली की टण्‌टण्‌ करत विरायची. बंदुकीच्या बारला अजून ती टणटण मागे लागते. तेव्हा पडदे घेऊया म्हणून राहूनच गेलं. आता पडदे लावायची सोय नाही.

भाड्याच्या घरात आल्यावर मात्र एक गंमत झाली. तोच लॅपटॉप, तीच फाइल, तेच हेडफोन, आणि आवाज पुन्हा आखडून डोक्याजवळ आला. मला वाटलं सेटिंग बिघडलं. सोबत्याला फोन केला. त्याने विचारलं, ‘दिवा चालू आहे का?’ होता. डोळ्यांना दिसत होती नऊ फुटांची खोली आणि कान सांगत होते चौदा फुटांचा हॉल. मेंदूला दोघांचं पटत नाही, आणि तो डोळ्यांची बाजू घेतो. संशोधकांनीही हे तपासलेलं आहे. ऐकू येणारी खोली आणि बसलेली खोली जुळली नाही की आवाज डोक्याबाहेर नीट पडत नाही. दिवा घालवला, पडद्याचा उजेड कमी केला, आणि हॉल हळूहळू मागे सरकला. पहिली चार-पाच मिनिटं नेहमी जातात, मग बसतो.

मान वळवली की हॉलही वळतो, हा दोष उरलाच, कारण माझ्याकडे डोक्याचा माग ठेवणारा सेन्सर नाही. स्मिथ रिसर्चचं रिअलायझर नावाचं यंत्र हे सगळं, मानेच्या हालचालीसकट, करतं. त्याच्या ए१६ या मॉडेलसाठी २०१६ मध्ये किकस्टार्टरवर पैसे उभे केले होते. किंमत बघून मी ते पान बंद केलं. खर्जाचंही तसंच. कानाला खालपर्यंत ऐकू येतं, छातीला काही कळत नाही. दिवाणाची फळी थरथरायची ती मजा गेली ती गेली.

आणि आई. आम्ही दोघी शनिवारी मिळून पिक्चर बघायचो. एक दुहेरी पिन आणून तिला दुसरा हेडफोन दिला. मिनिटभर ऐकून तिने तो एका कानावरून सरकवला. ‘अगं, हा माणूस माळ्यावर चढून का बोलतोय?’ मी माझ्याकडे पुन्हा तपासलं, तो टीव्हीतूनच बोलत होता. कान माझे मोजलेले, डोकं तिचं. तिच्या वळ्यांच्या हिशेबाने तो आवाज वरचा. तिचे कानही त्याच रविवारी मोजायला हवे होते. माईक होते, स्पीकर होते, ती आतल्या खोलीत चहाची वाट बघत बसली होती. आता शनिवारी टीव्हीचा साधा आवाज आणि हेडफोन कपाटात. आठवड्यातले बाकी दिवस, रात्री दहानंतर, दिवा घालवून, माझे.

तर ज्यांची बिल्डिंग पाडायला झाली आहे आणि घरात स्पीकर अजून भिंतीवर आहेत, त्यांनी बांधाबांधीच्या आधी एक रविवार काढा. घरातल्या प्रत्येकाला खुर्चीत बसवा. फ्रिज बंद करा, आणि नंतर चालू करायला विसरू नका. आमचं दीड लिटर दूध गेलं.

नव्या घराचा हॉल नकाशात १६ बाय १० आहे. ताबा मिळाला की स्पीकर माळ्यावरून काढणार, आणि या वेळी आईला आधी बसवणार. माईक अजून परत केलेले नाहीत. सोबत्याचा दोनदा फोन येऊन गेला.