एल्कच्या मागावर दहा महिने: पातळ मेरिनो शर्टाचा अनुभव

मार्चमध्ये घेतलेला शर्ट आता जानेवारीत धुऊन, दोन ठिकाणी रफू करून कपाटात ठेवलाय. या दहा महिन्यांत अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याच्या डोंगरांत तो चाळीसेक दिवस तरी माझ्या अंगावर होता. उन्हाळ्यात एल्कचे (हरणाच्या जातीचं मोठं जनावर) माग शोधताना, सप्टेंबरमध्ये धनुष्यबाण घेऊन आणि ऑक्टोबरमध्ये रायफलच्या हंगामात. शर्ट १५० जीएसएमचा (म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन १५० ग्रॅम), मेरिनो मेंढीच्या मऊ लोकरीत थोडं नायलॉन मिसळलेला, अर्ध्या चेनचा, टोपीवाला. किंमत शंभर डॉलरच्या आसपास. माझं मत आधीच सांगून टाकते: डोंगर चढून शिकार करायची असेल तर बेस लेअर, म्हणजे कातडीलगतचा कपडा, पातळच घ्या, दुकानात हात लावल्यावर 'एवढ्यानं काय होणार' असं वाटेल इतका पातळ.

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीला बंदी आहे आणि ती असायलाच हवी. इथं कोलोरॅडोतलं गणित वेगळं आहे. अमेरिकेत एल्क याच राज्यात सर्वांत जास्त आहेत आणि कुठल्या भागात, कुठल्या तारखांना, नर की मादी, हे सगळं लायसन्सवर ठरलेलं असतं. आमच्या घरी वर्षभर तेच मांस शिजतं.

आता शर्टाकडे वळते. मचाणावर बसून वाट पाहणाऱ्याला जाड, उबदार कपडा चालतो. आमची शिकार तशी नाही. पहाटे चारला हेडलॅम्प लावून निघायचं, पाठीवर सॅक, हातात धनुष्य, आणि उजाडायच्या आत चारशे मीटर चढून धारेवर पोचायचं. तळ असतो ३,२०० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर. हवा शून्याच्या आसपास असली तरी पाठ घामानं निथळते. मग नराची आरोळी ऐकू येते आणि तिथंच, त्या क्षणी, झाडाच्या बुंध्याला टेकून गोठल्यासारखं बसावं लागतं. सॅक उघडून जाकीट काढायची सोय नसते. अर्धा तास, कधी पाऊण तास. शर्टाची परीक्षा चढताना होत नाही, ती या पाऊण तासात होते.

आदल्या वर्षी मी जाड पॉलिस्टरचा शर्ट घातला होता. चढताना उकडलं, बसल्यावर वीस मिनिटांत दात वाजायला लागले. नर साठ-सत्तर मीटरवर झाडीत फांद्या मोडत होता आणि माझे हात इतके थरथरत होते की तो पुढं आला असता तरी मी बाण सोडला नसता. थरथरत्या हातानं सोडलेला बाण जनावराला नुसता जखमी करून पळवतो, ते मला मान्य नाही. मी मागं सरकले आणि उतरले. मला धनुष्य धरायला शिकवणाऱ्या शेजारच्या आजोबांनी तेव्हाच बजावलं होतं की निघताना अंगाला थोडी थंडी वाजलीच पाहिजे, नाहीतर कपडे जास्त झालेत असं समजायचं.

लोकरीचा तंतू स्वतःच्या वजनाच्या सुमारे एक तृतीयांश बाष्प आत घेतो आणि तरीही हाताला कोरडा लागतो. पॉलिस्टर एक टक्काही घेत नाही; घाम तंतूच्या बाहेरच, म्हणजे कातडीवर राहतो आणि वारा लागला की तोच अंग गार करतो. पॉलिस्टर लवकर वाळतं हे खरंच, पण वाळायला लागणारी उष्णता आपल्या अंगातूनच जाते. लोकर सावकाश वाळते, म्हणून ती उष्णता एकदम ओढून घेत नाही. या सप्टेंबरमध्ये त्याच धारेवर, तसाच घाम येऊन, मी चाळीस मिनिटं बसले. मानेपाशी शर्ट दमट होता, काखेत तर ओलाच. थंडी वाजली, पण हात स्थिर होते. (तो नर आला नाही. वारा फिरला.)

वाऱ्यावरून वासाचं सांगते. सहा दिवसांच्या मुक्कामात मी हा एकच शर्ट घातला आणि सहाव्या दिवशीही त्याला कुबट वास नव्हता, माणसाचा साधा वास होता. पॉलिस्टर अंगातलं तेल धरून ठेवतं, दुसऱ्या दिवशी नाकाला झोंबतं आणि धुतल्यावरही काखेत तो वास राहतोच. तरीही कुठलाही शर्ट तुम्हाला एल्कच्या नाकापासून लपवत नाही. पहाटे गार हवा घळीतून खाली वाहते, ऊन चढलं की वर जायला लागते. ती वेळ ज्याला सांभाळता आली त्यालाच जनावर दिसतं. शर्टाचा फायदा एवढाच की तंबूत सोबत्याला तुमच्या शेजारी झोपता येतं.

धनुष्यवाल्यांसाठी काही गोष्टी, ज्या दुकानात कुणी सांगत नाही. दोरी पूर्ण ओढल्यावर हात जबड्याखाली येतो आणि दोरी नाकाच्या शेंड्याला, ओठांच्या कोपऱ्याला टेकते. तिथं उंच गळ्याची चेन किंवा टोपीची जाड घडी आली की हात दर वेळी वेगळ्या जागी थांबतो आणि बाण चुकतो. म्हणून शर्ट घेतल्यावर आधी टोपी घालून, मग काढून, चेन वर-खाली करून निदान पन्नास बाण मारून पाहा. माझ्या शर्टाची टोपी पातळ आहे, चेन हनुवटीखाली संपते आणि टोकावर कापडाची छोटी झाकणी आहे. त्यानं फरक पडला. अंगठा अडकवायची भोकं मला आवडली नाहीत, कारण मनगटावर रिलीजचा (दोरी सोडायच्या खटक्याचा) पट्टा बांधला की खाली कापडाचा गोळा होतो. बाही हाताला बसती हवी, सैल बाहीला दोरी घासते.

बायकांच्या मापाचे शर्ट मी दोन पाहिले, दोन्ही आखूड. सॅकचा कंबरपट्टा बांधला की मागून वर सरकतात आणि कमरेची पट्टी उघडी पडते, तिथं पट्टा सोलतो. शेवटी पुरुषांचा लहान मापाचा घेतला. खांद्यात थोडा सैल आहे, पण खाली नीट खोचला जातो.

तक्रारी दोन. पट्ट्याच्या बकलाखाली जूनमध्येच मसुराच्या डाळीएवढी दोन भोकं पडली. शुद्ध लोकरीचा असता तर आणखी पडली असती, नायलॉनमुळे ती पसरली नाहीत. दुसरी गोष्ट पावसाची. दुपारी ढग फुटून गारा पडल्या आणि चिंब झालेला शर्ट संध्याकाळपर्यंत वाळला नाही. रात्री तो अंगावरच ठेवून झोपले, पहाटे जवळजवळ कोरडा होता. ज्यांच्या भागात रोज पाऊस लागतो त्यांनी एक जादा शर्ट ठेवावा, तिथं पातळ पॉलिस्टरही वाईट नाही.

धुण्याचं मात्र मनापासून सांगायचंय. नेहमीच्या पावडरीत कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून चमक आणणारी द्रव्यं असतात, त्यांनी कपडा निळसर उजळतो. हरणाच्या जातीच्या जनावरांना तांबडा-केशरी रंग नीट कळत नाही, पण निळ्या बाजूचा उजेड चांगला दिसतो. बऱ्याच पावडरींतली एन्झाइम्स तर लोकरच खातात, कारण लोकर म्हणजे प्रथिन. मी आईनं नाशिकहून दिलेले रिठे वापरते. चार-पाच रिठे रात्री भिजवायचे, सकाळी कुस्करून गाळायचं, त्या कोमट पाण्यात शर्ट दहा मिनिटं दाबून-दाबून धुवायचा. पिळायचा नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायचा. तिच्या पैठणीला जे चालतं ते याला चाललं. ठेवताना डांबराच्या गोळ्या अजिबात नकोत, तो वास महिनाभर जात नाही. कसर लागू नये म्हणून मी शर्ट धुऊन, पूर्ण वाळवून, घट्ट बंद पिशवीत ठेवते.

ऑक्टोबरमध्ये ड्रॉमधून मिळालेल्या लायसन्सवर मादी मिळाली. वर कायद्यानं सांगितलेलं केशरी जाकीट, आत हाच शर्ट. मांस चार खेपांत खाली आणलं, प्रत्येक खेपेला पाठीवर पंचवीसेक किलो. या शर्टाला खांद्याच्या माथ्यावर शिवण नाही, ती पुढं उतरवलेली आणि चपटी आहे. आदल्या शर्टानं तिथंच खांदे सोलले होते. रक्ताचे डाग तळावर पोचल्याबरोबर ओढ्याच्या गार पाण्यात धुतले. गरम पाणी लावलं असतं तर ते कायमचे बसले असते. उजव्या बाहीवर एक फिकट तपकिरी ठिपका राहिलाय, तो मी घासून काढणार नाही.

पुढच्या सप्टेंबरसाठी असाच दुसरा मागवलाय, फक्त रंग राखाडीऐवजी वाळक्या गवतासारखा. दुपारी उकडतं तेव्हा बेस लेअरच सगळ्यांत वरचा कपडा होतो, आणि स्प्रूसच्या (सूचिपर्णी झाडांच्या) कडेला, उन्हात वाळलेल्या गवतात बसल्यावर तो राखाडी जरा उठून दिसतो.