वासा जहाजाचं गणिताचं किट, घेताना एक पान तपासून घ्या

मुलगी पाचवीत आहे, दशांश अपूर्णांक म्हटलं की तोंड वाकडं, म्हणून हे किट मागवलं. स्वीडनचं वासा जहाज १० ऑगस्ट १६२८ ला स्टॉकहोममधून पहिल्यांदाच निघालं आणि जेमतेम १३०० मीटर जाऊन बुडालं, १९६१ ला वर काढलं, आणि सगळी गणितं याच्यावरच. सुरुवातीची वजाबाकी वगैरे (किती वर्षं पाण्यात होतं? ३३३) ठीक आहे, ती कुठल्याही पुस्तकात मिळते.

खरी मजा दोन कागदी पट्ट्यांची. जहाजात सुतारांच्या चार मोजपट्ट्या सापडल्यात, दोन स्वीडिश फुटाच्या म्हणजे १२ इंची, आणि दोन अ‍ॅमस्टरडॅम फुटाच्या, त्यात इंचच ११! पोरीने दोन्ही पट्ट्या एकाखाली एक ठेवल्या, "अगं आई, दोघांचा फूटच वेगळा आहे" म्हणाली आणि मग तासभर उठली नाही. आमच्या पट्टीने मोजल्यावर एक आला २९.७ सेमी, दुसरा २८.३, फरक १.४, मग दहा फुटाला १४ सेमी, हे सगळं तिने न सांगता केलं.

आणि इथेच घोळ. मागच्या उत्तरांत २१.८ दिलंय! अर्धा तास डोकं खाल्ल्यावर कळलं की छापणाऱ्याने स्वीडिश फूट म्हणून आपला नेहमीचा ३०.४८ वाला फूट धरलाय. म्हणजे फूट वेगवेगळे असतात हेच शिकवायचं आणि स्वतःच तिथे आपटायचं, कमाल आहे. कस्टमर केअरला कळवलं, अजून उत्तर नाही.

अजून एक, वाचून असं वाटतं की पट्ट्यांमुळेच जहाज बुडालं. तसं नाही हो, वरचा भाग जड, दोन मजले तोफांचे, ६४ तोफा, आणि खाली वजन कमी. निघायच्या आधी ३० खलाशांना डेकवर इकडून तिकडे पळवून बघितलं तर जहाज इतकं डुललं की तिसऱ्या फेरीनंतर थांबवावं लागलं, तरी सोडलंच. हे किटमध्ये एका ओळीत उरकलंय. आम्ही मग पुठ्ठ्याची होडी टबात सोडून वर गोट्या ठेवत गेलो, सातव्या गोटीला कलंडली. पुठ्ठा भिजतो, आधी सेलोटेप लावा.

पाचपैकी साडेतीन स्टार. उत्तरांच्या पानावर पोरीने २१.८ खोडून १४ लिहिलंय, लाल पेनाने.