जुन्या स्पोर्ट्स कारचा विजेचा फॅन: साधा स्विच, थर्मल स्विच की इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर?

इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंखा काढून विजेचा फॅन बसवायचं ठरलं, की सगळा विचार फॅनभोवतीच फिरतो. व्यास किती, पाती सरळ की वाकडी, हवा किती ओढतो. तो कधी चालू व्हायचा आणि कधी थांबायचा हे ठरवणारा भाग मात्र यादीत अगदी शेवटी येतो. वाहतूक कोंडीत उभं असताना इंजिन वाचतं की उकळतं, हे याच भागावर ठरतं. म्हणून फॅनइतकाच विचार त्याच्या नियंत्रणाचाही करावा.

आधी डायनॅमो की अल्टरनेटर ते पाहा

१२ इंची फॅन चालताना साधारण ८ ते १२ अँपिअर करंट घेतो, मोठा १६ इंची २० च्या पुढे जातो. सुरू होतानाचा क्षणिक झटका याच्या दुप्पट-तिप्पट किंवा त्याहूनही जास्त असतो. ब्रिटिश लुकास कंपनीचा सी४० डायनॅमो (इंजिनावर फिरणारं जुन्या पद्धतीचं वीजयंत्र) पूर्ण वेगात असताना जेमतेम २२ अँपिअर देतो आणि आयडलिंगवर जवळपास काहीच देत नाही. फॅनची गरज नेमकी आयडलिंगवरच असते, म्हणजे तेवढा वेळ तो बॅटरीवर जगतो. रात्र असेल तर दिवेही त्याच बॅटरीवर. त्याच कंपनीचा १६एसीआर अल्टरनेटर (डायनॅमोच्या जागी आलेलं वीजयंत्र) ३४ अँपिअरचा आणि १८एसीआर ४५ चा, तिथे परिस्थिती बरीच सुसह्य होते.

डायनॅमो असलेल्या गाडीत एकच मध्यम फॅन आणि गरजेपुरताच तो चालवणारं नियंत्रण, यापलीकडे जाऊ नये. गाडी पॉझिटिव्ह अर्थची असेल, म्हणजे बॅटरीचं धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेलं असेल, उदाहरणार्थ १९६७ च्या बदलाआधीची ब्रिटिश स्पोर्ट्स कार एमजीबी, तर बहुतेक इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर तिथेच बाद होतात, कारण ते निगेटिव्ह अर्थ धरूनच बनवलेले असतात. ठरलेल्या तापमानाला आपोआप जुळणाऱ्या साध्या थर्मल स्विचला अर्थ पॉझिटिव्ह की निगेटिव्ह याने काही फरक पडत नाही. फॅनच्या दोन वायरी मात्र नीट पाहून जोडा. उलट जोडल्या तर मोटर उलटी फिरते आणि रेडिएटरमधून हवा धड जात नाही.

डॅशबोर्डवरचा स्विच

एकट्याने पुरेसा नाही. रस्त्यावर लक्ष असताना तापमानाचा काटा वर सरकलेला दिसेलच याची खात्री नसते आणि जुन्या गाडीतला काटा खरं सांगेल याची तर त्याहून नसते. पण थर्मल स्विचला समांतर जोडून ‘फक्त चालू करणारा’ स्विच म्हणून तो जरूर ठेवा. थर्मल स्विच निकामी झाला तर हा घरापर्यंत नेतो. फॅन बंद करू शकणारा स्विच मात्र बसवू नका. एकदा बंद केलेला फॅन पुन्हा चालू करायचं राहून जातं. शेजारी छोटा दिवा लावाल तर त्याची वायर थेट फॅनच्या वायरीवरून घ्या. स्विचवरून घेतलेला दिवा फ्यूज उडालेला असतानाही पेटतो आणि खोटा दिलासा देतो.

होजमध्ये बल्ब सोडलेला थर्मोस्टॅट

एका बारीक तांब्याच्या नळीच्या टोकाला बल्ब (तापमान ओळखणारी छोटी बंद कुपी) असतो, तो वरच्या होजमध्ये सोडायचा आणि दुसऱ्या टोकाच्या स्क्रूने तापमान ठरवायचं. रेडिएटरला भोक पाडावं लागत नाही, झाळावं लागत नाही आणि मन बदललं तर सगळं काढून गाडी मूळ रूपात आणता येते. मूळपण जपणाऱ्यांना म्हणूनच हा प्रकार आवडतो. दुखणं एकच, पण मोठं: ती नळी होजच्या तोंडातून रबरी पट्टीखालून बाहेर येते आणि तिथून कूलंट झिरपू शकतं. रेडिएटरच्या कॅपचा दाब ७ पीएसआयपर्यंत असेल तर बरेचदा निभतं. १३ पीएसआयच्या कॅपसोबत मी तो सुचवणार नाही.

आट्यांचा थर्मल स्विच

रेडिएटरच्या टाकीत फिरवून बसवायचा, आत द्विधातूची चकती, ठरलेल्या अंशाला संपर्क जुळतो आणि त्याखाली काही अंशांवर सुटतो. ९२ अंश सेल्सिअसला चालू, ८७ ला बंद, अशी जोडी त्यावरच छापलेली असते. ही कल्पना जुन्या गाड्यांना परकी नाही. जॅग्वार ई-टाइप १९६१ मध्ये आली तेव्हापासूनच तिचा फॅन विजेचा होता आणि हेडर टँकमधल्या (रेडिएटरच्या वर असणाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या) अशाच स्विचवर चालत होता. एमजीबीत १९७६ च्या उत्तरार्धात रेडिएटर पुढे सरकला आणि विजेचे फॅन आले, तिथेही थर्मल स्विचच आहे. फक्त तो आट्यांऐवजी रबरी सीलमध्ये दाबून क्लिपने धरलेला असतो, त्यामुळे ते सील कडक झालं की लगेच बदलावं.

तापमान स्क्रूने बदलता येत नाही, ही याची मर्यादा म्हणून सांगितली जाते. माझ्या मते ती जमेची बाजू आहे. बदलता न येणारी गोष्ट थरथरीने आपोआप बदलतही नाही. वेगळा आकडा हवा असेल तर त्याच आट्यांचा, उदाहरणार्थ एम२२ (२२ मिलिमीटर व्यासाच्या) आट्यांचा, दुसरा स्विच घालता येतो.

इथे जास्त विचार आकड्याचा आणि जागेचा करायला हवा. इंजिनाचा थर्मोस्टॅट (पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) साधारण ८२ अंशांना उघडायला सुरुवात करतो आणि पूर्ण उघडायला आणखी दहा-बारा अंश घेतो. स्विच इंजिनातून येणाऱ्या गरम बाजूला असेल तर ९५ च्या आसपास चालू आणि ८८ च्या आसपास बंद, हे ठीक. बंद होण्याचा आकडा थर्मोस्टॅटच्या आकड्याखाली गेला, तर पाणी तेवढं थंड कधी होतच नाही आणि फॅन बॅटरी पीत फिरत राहतो. थंड बाजूला, म्हणजे रेडिएटरमधून परत जाणाऱ्या पाण्यात स्विच बसवला, तर आकडे पाच ते दहा अंशांनी खाली घ्यावे लागतात. मला ही जागा जास्त पटते. रेडिएटरला आपलं काम स्वतःच्या बळावर जमतंय का, हे तिथेच कळतं. जमत असेल तर फॅन उगाच चालू होत नाही. शिवाय वरच्या टाकीतली पातळी घटली की तिथला स्विच कोरडा पडतो आणि वाफेत बसून राहतो, खालचा सहसा बुडालेला असतो.

एक जोडून सांगतो. मोकळ्या रस्त्यावर ५०-६० किलोमीटरच्या वेगानेही फॅन सतत चालत असेल, तर स्विचला दोष देऊ नका. आतून चोंदलेला रेडिएटर किंवा बाजूने निसटणारी हवा शोधा.

इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर

याचे दोन प्रकार. पहिला फक्त सेन्सर वाचून रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) चालवतो, आकडा मात्र अंशाअंशाने ठरवता येतो. दुसरा पीडब्ल्यूएमचा, म्हणजे वीज झपाट्याने चालू-बंद करून वेग कमी-जास्त करणारा: फॅन हळू सुरू करतो आणि गरजेपुरताच वेग देतो. सुरुवातीचा झटका नाही, दिवे मंदावत नाहीत, आवाज कमी, तापमान जवळपास एका जागी स्थिर. मोठा फॅन आणि सशक्त अल्टरनेटर असेल तर यासारखं सुख नाही.

पण तो बिघडला तर काय होतं, हे घेण्याआधी विचारा. सेन्सरची वायर तुटली की फॅन पूर्ण वेगात चालू करणारा कंट्रोलर घ्यावा; गप्प बसणारा असेल तर कितीही स्वस्त असो, नको. हातातल्या कंट्रोलरची परीक्षा सोपी आहे: गार इंजिनावर, इग्निशन चालू ठेवून सेन्सरचा प्लग काढा आणि फॅन काय करतो ते पाहा. शिवाय त्याला पक्की अर्थ-जोडणी लागते आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून दूर जागा लागते, आणि जुन्या गाडीच्या चिंचोळ्या बॉनेटखाली या दोन्ही गोष्टींची वानवा असते.

दोन फॅन असतील तर

मधला एक मार्ग आहे. तीन रिले आणि दोन टप्प्यांचा थर्मल स्विच: पहिल्या टप्प्यात दोन्ही फॅन सिरीजमध्ये, प्रत्येकाला निम्मं व्होल्टेज, दुसऱ्यात समांतर, पूर्ण वेग. कुठलंही सर्किट बोर्ड न लावता मंद आणि जलद असे दोन वेग मिळतात. वायरिंग थोडं गुंतागुंतीचं होतं, पण त्यातला प्रत्येक भाग रस्त्याच्या कडेला बदलता येतो.

काहीही निवडा, रिले हवाच

थर्मल स्विचमधून फॅनचा पूर्ण करंट नेला की त्याचे संपर्क जळतात. बॅटरीवरून फ्यूजमार्गे रिलेच्या ३० नंबरच्या टोकाला, ८७ वरून फॅनला, आणि थर्मल स्विच फक्त ८५-८६ ची कॉइल चालवतो. दुसरं कारण फारसं कोणी सांगत नाही. फॅनला थेट इग्निशनच्या वायरीवरून वीज दिली, तर किल्ली काढल्यावरही फिरत राहिलेली मोटर वीज तयार करते, ती उलटी इग्निशनमध्ये जाते आणि इंजिन क्षणभर तसंच चालू राहतं. रिलेने हा मार्ग तुटतो. रिलेच्या कॉइलची वीज इग्निशनवरून घेतली, तर इग्निशन बंद करून आणि बॉनेट उघडून हात घातला असताना फॅन अचानक फिरायची भीतीही उरत नाही. इंजिन थांबल्यावर फॅन चालत राहावा असं वाटत असेल, तर लक्षात घ्या की पाण्याचा पंप थांबलेला असतो आणि थंड होतो तो फक्त रेडिएटर. कार्ब्युरेटरभोवतीची गरम हवा थोडी हलते, एवढाच फायदा.

मग घ्यायचं काय

डायनॅमो किंवा पॉझिटिव्ह अर्थ असेल, तर थंड बाजूला आट्यांचा थर्मल स्विच, एक रिले आणि डॅशबोर्डवर फक्त चालू करणारा स्विच. रेडिएटरला हात लावायचा नसेल आणि कॅप कमी दाबाची असेल, तर होजमधला थर्मोस्टॅट चालेल. ४५ अँपिअरचा किंवा मोठा अल्टरनेटर आणि दोन फॅन असतील, तर सिरीज-समांतर जोडणी. पीडब्ल्यूएम कंट्रोलर मी नव्याने वायरिंग केलेल्या, निगेटिव्ह अर्थच्या, वाढीव शक्तीच्या इंजिनासाठी राखून ठेवेन. बसवून झालं की गाडी सपाटीवर आयडलिंगला ठेवा आणि रेडिएटरच्या वरच्या टाकीवर काळी टेप लावून तिथे इन्फ्रारेड थर्मामीटरने तापमान मोजा, कारण चकचकीत पितळेवर तो चुकीचा आकडा दाखवतो. फॅन दोनदा स्वतःहून चालू होऊन बंद झाला आणि बंद असतानाचा वेळ चालू असतानाच्या वेळेपेक्षा फार कमी नसला, तर जुळणी बरोबर आहे.