जुनी सिटी झेडएक्स: इंजिन दणकट, बाकीचं तपासून घ्या

२००५ ते २००८ मधली होंडा सिटी झेडएक्स विकणारा एकच वाक्य ऐकवतो, ‘होंडाचं इंजिन, काही होत नाही.’ हे निम्मं खरं. १.५ लिटरच्या आय-डीएसआय (प्रत्येक सिलिंडरला दोन प्लगच्या) इंजिनाला टायमिंग चेन आहे, बेल्टचा खर्च नाही. दगा देतात त्या भोवतीच्या वस्तू: प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी कॉइल, रबर, आणि आधीच्या मालकाची काटकसर.

सगळ्यात नडतात ते प्लग. चार सिलिंडरना आठ प्लग, आठ कॉइल. पुढचे चार हाताशी, मागचे चार डॅशबोर्डकडच्या अडचणीत, म्हणून बऱ्याचदा पुढचेच बदलले जातात. मागची कॉइल मेली तरी पुढचा प्लग त्या सिलिंडरला ओढत राहतो, त्यामुळे दोष लपतो. गाडी उभी असताना, म्हणजे आयडलला, थोडी थरथर, चढाला पिकअप कमी, ॲव्हरेज पडलेलं, एवढंच दिसतं. मग थ्रॉटल बॉडी धुतली जाते, इंजेक्टर साफ होतात, पैसे जातात आणि थरथर तशीच. इंजिन चालू ठेवून पुढच्या एकेका कॉइलचा कनेक्टर काही सेकंद काढा. ज्याच्यावर इंजिन एकदम अडखळेल, त्या सिलिंडरची मागची बाजू मेलेली समजा. सौदा ठरण्याआधी ही चाचणी करू न देणाऱ्याकडून गाडी घेऊ नका.

सीव्हीटी, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, असेल तर सरळ सोडा. सिग्नलवरून निघताना हिसका बसत असेल, तर नुसतं ऑइल बदलून तो जाईलच असं नाही. मॅन्युअल घ्या.

कोल्हापूरजवळच्या गगनबावड्याच्या चढाला एसी लावून गाडी न्या आणि तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवा. रेडिएटरची प्लॅस्टिकची वरची टाकी जुनी झाली की तडकते. थंड इंजिनावर झाकण उघडून आत तांबूस गढूळ पाणी दिसलं, तर कूलंटऐवजी नळाचं पाणी भरलं गेलंय. कोल्हापुरात उद्यमनगरात रेडिएटरचं काम करणारे मिळतात, पण गंज ब्लॉकमध्ये शिरला असेल तर त्यांचाही इलाज चालत नाही.

पाच माणसं बसली की गाडी खाली बसते आणि आपले स्पीडब्रेकर काही कमी नाहीत. सायलेन्सर आणि सस्पेन्शनचे लोअर आर्म बुश, लिंक रॉड खालून बघा. स्टीअरिंग पूर्ण वळवून चालवताना ‘कट-कट’ आलं तर एक्सलचं रबर फाटून जॉइंट गेलेला असतो. या काळातल्या गाड्यांचे पेट्रोलचे पाइप ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोल) साठी बनलेले नाहीत. कडक झालेले दिसले तर बदलूनच घ्या.

एमएच-०९, म्हणजे कोल्हापूर पासिंगच्या, गाडीला एक जादा तपासणी लागते, ती २०१९ आणि २०२१ च्या पुराची. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, गाडी बुडालेली असेल तर टोकाला चिखलाची रेघ दिसेल. सीटचे रूळ आणि स्टेपनीखालची जागा बघा, फ्यूज बॉक्सच्या पिना हिरव्या पडल्यात का तेही. पुरात भिजलेलं वायरिंग वर्षांनंतरही त्रास देतं.

आरसीवरची मुदत वाचा. १५ वर्षांनंतरच्या नूतनीकरणाची फी ५,००० रुपये आहे, २० वर्षांपुढे १०,०००. ग्रीन टॅक्स वेगळा. मुदत संपत आली असेल तर तेवढे भावातून वजा करा.