‘स्टेरॉईड नाही’ म्हणून घेतलेलं मलम

पांढरी डबी, हिरवं झाकण, झाकणावर चिकटवलेलं एका पानाचं चित्र. बाकी काही नाही. कुणी बनवलं, कशापासून बनवलं, कधीपर्यंत वापरायचं, यातलं एक अक्षरही त्या डबीवर नव्हतं. अशा पाच डब्या मी माझ्या लेकीच्या गालांवर, मानेवर आणि कोपरांच्या घड्यांत लावून संपवल्या. पहिली डबी उघडली तेव्हा ती सहा महिन्यांची होती. तुमच्या घरात इसब असलेलं बाळ असेल तर हे शेवटपर्यंत वाचा. अशी डबी घेऊन कुणीतरी तुमच्यापर्यंतही पोचेल.

त्रास सुरू झाला तो ती चार महिन्यांची असताना. आधी गाल लाल आणि खरखरीत झाले, मग त्यांतून पाणी यायला लागलं. रात्री ती डोकं गादीवर घासायची. सकाळी चादरीवर रक्ताचे बारीक ठिपके दिसायचे. हातांत मोजे घातले तर मोज्यांसकट घासायची. आम्हा दोघांपैकी कुणालाही सलग दोन तास झोप मिळत नव्हती. फसवणारे याच जागरणावर जगतात, म्हणून हे आधी सांगितलं.

त्वचेच्या डॉक्टरांकडे आम्ही गेलो होतो. त्यांनी नीट तपासलं. बाळाच्या त्वचेचा वरचा थर कच्चा आहे, आतली ओल टिकत नाही आणि बाहेरचं सगळं टोचतं, असं समजावलं. एक घट्ट मॉइश्चरायझर आणि १ टक्का हायड्रोकॉर्टिसोनचं मलम लिहून दिलं. हे दुसरं फक्त लाल चट्ट्यांवर, तेही थोडेच दिवस. “हे येत-जात राहील. मोठी होईल तसं बहुतेक वेळा कमी होतं,” असं त्या म्हणाल्या. मला त्यातलं एवढंच ऐकू आलं की हे लगेच जाणार नाही. घरी येऊन मलमाच्या खोक्यातला कागद वाचला, त्यावर ‘स्टेरॉईड’ हा शब्द दिसला आणि ती ट्यूब मी कपाटात टाकली. मॉइश्चरायझरही वाटाण्याएवढं घेऊन सगळ्या अंगाला पुरवत होते. मग फरक पडत नाही म्हणून डॉक्टरांनाच दोष दिला.

ही डबी विकणाऱ्या बाईंचा नंबर मला दुसऱ्या एका आईनं दिला. तिची यात काही चूक नव्हती. तिच्या मुलाला खरंच ‘गुण’ आला होता. मी फोन केला. पलीकडचा आवाज अतिशय प्रेमळ. पाऊण तास त्यांनी माझं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोडलं नाही. मी रडले तेव्हा म्हणाल्या, “ताई, आता ही तुमची एकटीची काळजी नाही.” मग हळूच विचारलं, “डॉक्टरांनी स्टेरॉईडच दिलं असेल ना?” मी हो म्हटलं. “बरं झालं लावलं नाहीत. आमच्या मलमात फक्त वनस्पती आहेत. स्टेरॉईडचा थेंबही नाही, लिहून देते.” आणि त्यांनी खरंच तसा मेसेज लिहून पाठवला.

माझी भीती काय आहे ते मीच त्यांना सांगितलं होतं. त्यांनी तीच मला परत विकली.

पहिल्या रात्री मलम लावलं आणि ती पाच तास झोपली. तिसऱ्या दिवशी गाल गुळगुळीत. आदल्या आठवड्यात ज्या गालांवर ओठ टेकवायला मी घाबरत होते, ते गाल! मी आनंदानं आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो काढून त्या बाईंना पाठवले. तीन मैत्रिणींना नंबर दिला. त्यातल्या एकीनं लगेच मागवलंसुद्धा.

खरी खूण तीच होती आणि ती मला चमत्कार वाटली. महिनोन्‌महिने न हटणारा इसब दोन-तीन दिवसांत पुसल्यासारखा गेला, तर त्या मलमात काहीतरी फार जोरदार आहे असाच त्याचा अर्थ. इतक्या वेगानं दाह शमवणारी आणि असं विनालेबल खपणारी गोष्ट बहुधा एकच असते, स्टेरॉईड.

डबी संपली आणि दुसरी यायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत इसब पहिल्यापेक्षा लाल होऊन, पहिल्यापेक्षा जास्त जागी परत आला. बाई म्हणाल्या, “आतली घाण बाहेर पडतेय. आता थांबलात तर सगळं वाया जाईल. दिवसातून तीनदा लावा.” रक्त अशुद्ध असतं म्हणून असं होतं, हेही त्यांनीच पटवलं. इसब रक्तातल्या घाणीमुळे होत नाही. २००६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की फिलॅग्रिन नावाचं, त्वचेचा थर घट्ट ठेवणारं प्रथिन तयार करणाऱ्या जनुकात दोष असेल, तर इसबाचा धोका बराच वाढतो. आमच्या डॉक्टर ‘कच्चा थर’ म्हणाल्या होत्या तो हाच. पण तेव्हा मला पटत होता तो पाऊण तास ऐकून घेणारा आवाज.

याच काळात त्यांच्या सांगण्यावरून खास रेशमी झबली घेतली, नळाला पाणी मऊ करणारं यंत्र बसवलं. या दोन्ही गोष्टींच्या चाचण्या झालेल्या आहेत, हे मला खूप नंतर कळलं. ब्रिटनमध्ये ३३६ मुलांवर झालेल्या चाचणीत (२०११) पाणी मऊ करणाऱ्या यंत्रानं इसबात जास्तीचा फरक पडला नाही. ३०० मुलांवरच्या चाचणीत (२०१७) रेशमी कपड्यांचंही तेच दिसलं. त्यात आमचे पैसे गेले, बाळाला इजा झाली नाही. इजा डबीनं केली.

तिसऱ्या महिन्यात तिचे गाल गोबरे झाले. जो तो कौतुक करायचा, “काय बाळसं धरलंय!” कपाळावर आणि गालांवर बारीक काळी लव आली. मानेजवळची त्वचा इतकी पातळ आणि चकचकीत झाली की खालच्या निळ्या शिरा दिसायच्या. लव बघून मी बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, “गळून जाईल, वनस्पतींची ताकद आहे.” मीही स्वतःची समजूत घातली.

लसीच्या वेळी बालरोगतज्ज्ञांनी वजन-उंची तक्त्यावर मांडली. वजनाची रेघ वर चढत होती, उंचीची रेघ आडवी झाली होती. त्यांनी पेन खाली ठेवलं. तिच्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघितलं आणि एवढंच विचारलं, “हिला काय लावता?”

मी डबी दाखवली. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर कदाचित मी खोटं बोलले असते.

सकाळच्या रक्ततपासणीत कॉर्टिसोल जवळजवळ नव्हतंच. मूत्रपिंडांच्या डोक्यावर अॅड्रिनल ग्रंथी असतात, त्या हे संप्रेरक बनवतात. आजारपणात, तापात शरीर त्यावरच तग धरतं. बाहेरून इतकं स्टेरॉईड मिळत होतं की त्या ग्रंथींनी काम करणं सोडलं होतं. डबी रुग्णालयानं प्रयोगशाळेत पाठवली. अहवालात नाव होतं क्लोबेटासोल प्रोपिओनेट.

ही त्वचेवर लावायच्या स्टेरॉईडमधली सगळ्यात जोरदार गटातली वस्तू. जे १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन मी घाबरून कपाटात टाकलं होतं, ते सगळ्यात सौम्य गटात येतं. क्लोबेटासोल त्याच्या सुमारे ६०० पट ताकदीचं मानतात. आणि ते मी दिवसातून तीनदा, बाळाच्या चेहऱ्यावर, मोजमाप न ठेवता लावत होते. बाळाच्या वजनाच्या मानानं त्वचेचा पसारा मोठ्या माणसापेक्षा खूप जास्त असतो. चेहऱ्याची त्वचा पातळ, इसबानं फाटलेली त्वचा तर आणखी उघडी. डायपरच्या आत लावलं तर ते झाकून लावल्यासारखं होतं आणि अधिकच आत शोषलं जातं. वाचताना अंगावर काटा येतो, पण हे हिशेब कुणीतरी आधी सांगायला हवे होते.

हा प्रकार नवा नाही, आणि एका देशाचाही नाही. १९९९ मध्ये लंडनमध्ये डॉक्टरांनी त्वचारोगांवरची ११ ‘वनौषधी’ मलमं तपासली, तर ८ मध्ये डेक्सामेथासोन हे स्टेरॉईड निघालं. २००३ मध्ये बर्मिंगहॅमच्या मुलांच्या रुग्णालयात पालकांनी इसबासाठी वापरलेली २४ मलमं तपासायला दिली. २० मध्ये स्टेरॉईड होतं, त्यातल्या निम्म्याहून जास्त मलमांत क्लोबेटासोल. त्या पालकांनाही मलम ‘नैसर्गिक’ म्हणूनच मिळालं होतं.

ज्यांच्या हातात आत्ता अशी डबी आहे, त्यांच्यासाठी एक गोष्ट सगळ्यात आधी. घाबरून आजच्या आज डबी फेकू नका. बरेच आठवडे लावत असाल तर ती घेऊन लगेच डॉक्टरांकडे जा आणि किती, कुठे, कधीपासून लावलं ते सगळं सांगा. एकदम बंद केलं तर इसब उसळतोच, पण ग्रंथी झोपलेल्या असतील तर साध्या तापातही बाळ धोक्यात येऊ शकतं. बाळ मलूल पडलं, उलट्या होऊ लागल्या, उठवूनही नीट जागं होईना, तर वाट बघू नका, थेट रुग्णालय गाठा. माझ्या लेकीला तोंडावाटे हायड्रोकॉर्टिसोन सुरू करून ते अनेक महिने हळूहळू कमी करत आणलं. त्या काळात ‘ताप किंवा उलटी झाल्यास मात्रा वाढवावी’ असं लिहिलेली चिठ्ठी माझ्या पर्समध्ये कायम असायची. साधी शिंक आली तरी माझा हात त्या चिठ्ठीकडे जायचा.

ज्या मैत्रिणीनं माझ्या शब्दावर मलम मागवलं होतं, तिला फोन करणं हे त्या सगळ्यात अवघड काम होतं. तिनं दोनच आठवडे लावलं होतं. तिच्या मुलाला काही झालं नाही. ती माझ्याशी पूर्वीसारखी बोलत नाही, आणि मला ते मान्य आहे.

आज आम्ही तेच करतो जे त्या पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. कोमट पाण्यानं पाच-दहा मिनिटं आंघोळ, साबणाऐवजी सौम्य क्लेन्झर, अंग टिपून घ्यायचं, घासायचं नाही, आणि अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर. किती लावायचं हे कळल्यावर मी चकित झाले. ब्रिटनच्या अधिकृत मार्गदर्शक सूचनांत इसब असलेल्या मुलासाठी आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम सांगितलं आहे. मी महिनाभर एक छोटी ट्यूब पुरवत होते. सुगंधी काहीही नाही. नखं बारीक कापलेली. चट्टा उठला की कपाटातून काढलेली तीच सौम्य ट्यूब, डॉक्टरांनी सांगितले तेवढेच दिवस. तिचंही माप असतं: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर टोकापर्यंत काढलेली मलमाची रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, ती बोटांसकट दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. चट्ट्यावर पिवळट खपली धरली, किंवा ताप येऊन एकसारखे छोटे खोल फोड उठले, तर त्याच दिवशी दाखवायचं. दुसरी खूण नागिणीच्या जातीच्या विषाणूची असू शकते आणि तिथे उशीर चालत नाही.

स्टेरॉईडची भीती बाळगू नका असं मी म्हणणार नाही. नाव, ताकद, मात्रा आणि मुदत लिहिलेलं औषध असेल तर त्याची भीती डॉक्टरांना विचारून घालवता येते. नाव नसलेल्या डबीबद्दल कुणाला विचारणार? ‘शंभर टक्के नैसर्गिक’, ‘कायमचं बरं’, ‘घटक गुप्त आहेत’, ‘डॉक्टरांना सांगू नका’. यातलं एक वाक्य जरी कानावर आलं, तरी फोन ठेवा.

औषध नियंत्रण विभागाकडे आम्ही अहवाल, उरलेली डबी आणि मेसेज जोडून तक्रार दिली. त्या बाईंनी मला त्याच दिवशी ब्लॉक केलं. नंबर बदलला, डबीचं झाकण आता निळं आहे. पण जाहिरातीतले फोटो तेच आहेत. डावीकडे लाल, ओले गाल. उजवीकडे तिसऱ्या दिवशीचे गुळगुळीत. खाली लिहिलेलं, ‘एका आईचा अनुभव’. ते गाल माझ्या लेकीचे आहेत. तुम्हाला तो फोटो कुणी पाठवला, तर पाठवणाऱ्याला हे सगळं वाचायला द्या.