इम्प्लांट काढलं, त्याला नऊ महिने झाले

2018 मध्ये कॅन्सरमुळे डावा स्तन काढला, तेव्हाच आत सिलिकॉनचं इम्प्लांट बसवलं. मग रेडिएशन झालं. दोन-अडीच वर्षं ठीक गेली, नंतर ती बाजू घट्ट होत गेली. आडाळ्यावर बसून नारळ खवताना डावा हात पुढे घेतला की आतून करवंटी टोचतेय असं वाटायचं. ब्लाउजचं डावं टोक गळ्याकडे सरकलेलं. त्या कुशीवर झोपणं तर कधीच सुटलं होतं.

शरीर कुठल्याही इम्प्लांटभोवती आवरण तयार करतं. ते आकसलं की त्याला कॅप्स्युलर कॉन्ट्रॅक्चर म्हणतात, आणि रेडिएशन घेतलेल्यांना ते जास्त होतं. माझं बेकर ग्रेड 4 निघालं, म्हणजे घट्टपणाच्या चार पायऱ्यांतली शेवटची: कडक, वाकडं आणि दुखरं. इम्प्लांट जन्मभरासाठी नसतं हे संमतीपत्रात छापलेलं होतं, खाली सहीही माझीच. पण सिलिकॉन आतल्या आत फाटलं तरी बाहेरून कळत नाही, म्हणून पाच-सहा वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी, असा अमेरिकेच्या एफडीएचा (औषधं-उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा) सल्ला आहे, हे मला कुणी सांगितलं नाही. फॉलोअपला जात होते, तिथेही नाही. त्याचा राग अजून आहे.

नव्या सर्जननी आधी इम्प्लांटचं कार्ड मागितलं, ज्यावर कंपनी आणि प्रकार लिहिलेला असतो. पिशव्या उपसून सापडलं. 2019 मध्ये अ‍ॅलर्गनचे खरखरीत पृष्ठभागाचे बायोसेल इम्प्लांट एका दुर्मिळ लिम्फोमामुळे (लसिकापेशींच्या कॅन्सरमुळे) जगभरातून मागे घेतले होते. माझं त्यातलं नव्हतं. तुमचं कार्ड कुठे आहे ते आजच बघा. आणि कित्येक वर्षांनंतर अचानक एक बाजू सुजली तर लेप लावत बसू नका, सोनोग्राफी करून आतलं पाणी तपासून घ्या.

यूट्यूबवर सगळ्या 'एन ब्लॉक' म्हणजे आवरणासकट अख्खं काढा म्हणतात. मीही हट्ट धरला. सर्जन म्हणाले, लिम्फोमाचा संशय नसेल तर त्याची गरज नाही. तुमची कातडी रेडिएशनने पातळ झालीय आणि खाली बरगड्या आहेत. सुटेल तेवढं आवरण काढून तपासायला पाठवलं. रिपोर्ट स्वच्छ आला.

जानेवारीत ऑपरेशन झालं. ड्रेनचा, म्हणजे जखमेतलं पाणी नळीने जमा होतं तो डबा बटव्यात घालून बहिणीकडे डोंबिवलीला आठ दिवस काढले. चोवीस तासांतलं पाणी 30 मिलीच्या खाली आल्यावर नळी निघाली, तेव्हाच तुतारी एक्स्प्रेसने कुडाळ गाठलं. दुखणं गेलं, डाव्या कुशीवर झोपते. थकवा मात्र गेला नाही. तो इम्प्लांटचा नव्हताच बहुतेक.

आता रोजच्या वापराचं. बाहेरून लावायचा सिलिकॉनचा स्तन घेतला. आकार झकास, वजनामुळे खांदाही सरळ राहतो. सासूबाईंनी डबा उघडला आणि म्हणाल्या, "ह्यां काय गो? खरवस केलंस काय?" दोघी हसून हसून बेजार. पण मे महिन्यात आमच्याकडच्या दमट हवेत त्याच्या खाली घामाची डबकी, पंधरा दिवसांत घामोळं. रोज सौम्य साबणाने धुवायचा, पुसून डब्यातच ठेवायचा. पदराची पिन हा त्याचा शत्रू. पदर डाव्याच खांद्यावर, सवयीने पिन खाली टोचली आणि थोडक्यात वाचला. तेव्हापासून पिन पार खांद्याच्या शिवणीवर.

दुसरा सुती धाग्याचा विणलेला, आत फायबर भरलेलं. एका संस्थेने मोफत पाठवला. घरात हाच. हलका, घाम शोषतो. पण हलका म्हणूनच वर चढतो. गणपतीत वाकून रांगोळी घालताना तो गळ्यापर्यंत आला, मी पदर सावरत माजघरात पळाले. मागच्या बाजूने टाके उसवून आत चार गुळगुळीत खडे कापडात गुंडाळून घातले, आता जागेवर बसतो. बाजारातल्या शिंपीणबाईंनी साध्याच ब्रेसियरला आतून मलमलचा खिसा लावून दिला. काही विचारलं नाही, पुढच्या वेळी आपणहून दोन जास्तीचे शिवून ठेवले.

पावसात एक अडचण आली. विणलेला दोन-दोन दिवस वाळत नाही, कुबट वास धरतो. फ्रिजच्या मागे टांगून पाहिला, तरी ओलाच. म्हणून आणखी दोन मागवलेत.